सात सेकंद आधी ओरडणारा पब

३ मे, शनिवार

आज जेवताना दादा म्हणाला, "आपला संघ अंतिम सामन्यापर्यंत पोचला ना, तर तो सामना मी माणसांत बसून बघणार आहे."

बघणार, असंच म्हणाला. वाढायचा डाव माझ्या हातात तसाच राहिला. गेल्या सात महिन्यांत त्याच्या तोंडून हा शब्द आला नव्हता.

"कुठे?" मी विचारलं.

"पबमध्ये. आणखी कुठे? सामना परगावी आहे. आणि घरी रेडिओ ऐकायचा म्हणजे लग्नाला पत्राने हजेरी लावल्यासारखं. जागा तू शोध."

"मी? मी आयुष्यात पबमध्ये पाऊल टाकलेलं नाही."

"उत्तम. म्हणजे तुझा कुठल्याच पबशी वशिला नाही." मग ताट बाजूला सारून जरा हळू म्हणाला, "पण एक सांगून ठेवतो, बारके. तिथे माझी फजिती झाली, किंवा दगडासारखं बसून राहावं लागलं, तर परत मला घराबाहेर काढायचं नाव काढायचं नाही. कबूल?"

मी कबूल म्हणाले. इतक्या पटकन म्हणायला नको होतं.

दादा बावन्न वर्षांचा आहे. शाळेत खेळाचा शिक्षक होता आणि सुट्टीच्या दिवशी फुटबॉलचा रेफरी. एकवीस वर्षं शिट्टी वाजवली. वहिनी गेल्यानंतर नऊ वर्षं तर मैदान हेच त्याचं घर होतं. आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. ऑक्टोबरपासून तो दवाखाना सोडून कुठेही गेलेला नाही. खुर्ची, पलंग, मोरी, पुन्हा खुर्ची.

४ मे, रविवार

या वहीत खरं लिहायचं असं ठरवलं आहे, तर हेही लिहिते.

मी औषध कंपनीत काम करते. औषधाच्या खोक्यात घडी घालून जो कागद असतो, त्याचा मजकूर छापण्याआधी मी तपासते. बारीक अक्षर वाचते म्हणून दादा मला बारकी म्हणतो असं ऑफिसात सगळ्यांना वाटतं. खरं तर मी सहा वर्षांनी लहान म्हणून. ते असो.

ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी दादा म्हणाला, उजव्या डोळ्याच्या कडेला काळा पडदा सरकल्यासारखा वाटतोय. त्याला रक्तदाबाची गोळी नुकतीच बदलून दिली होती. मी मोठ्या ऐटीत सांगितलं, त्या गोळीच्या कागदावर "तात्पुरता दृष्टिदोष" लिहिलेलं आहे, दोन दिवस थांब. दोन दिवसांचे चार झाले. सोमवारी डॉक्टर म्हणाले, "जरा आधी आला असता तर," आणि पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. डोळ्याचा पडदा सुटला होता. दोन महिन्यांत डाव्याचाही सुटला. पण निदान एक तरी राहिला असता.

मी डॉक्टरांना ते वाक्य पुरं करायला सांगितलं नाही. दादाशी त्या गुरुवारबद्दल कधी बोलले नाही. तोही बोलला नाही. त्याला आठवतच नसेल, की आठवत असल्यामुळेच गप्प आहे?

या वेळी मात्र काहीही तपासल्याशिवाय सांगायचं नाही.

६ मे, मंगळवार

जुन्या स्टेडियमच्या मागे चढाचा रस्ता आहे. त्या एका रस्त्यावर सहा पब. ऑफिस सुटल्यावर वही घेऊन गेले. पहिल्याच ठिकाणी काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "काय घेणार?"

"काही नाही. बघायला आले आहे."

"कुणाला?"

मी इतकी गोंधळले की लिंबाचं सरबत मागवलं आणि उभ्यानेच प्यायले.

तरी चिकाटीने सहाही पाहिले. खुर्च्या, पायऱ्या, स्वच्छतागृहाचं अंतर, दाराची रुंदी, सगळं लिहून प्रत्येकाला दहापैकी गुण दिले. चढाच्या टोकाच्या काचेच्या मोठ्या पबला सर्वांत जास्त मिळाले, कारण तिथे बारा पडदे आहेत आणि चित्र अतिशय स्पष्ट.

घराची पायरी चढताना लक्षात आलं, मी कुणासाठी जागा शोधत होते ते. पायरीवरच बसले थोडा वेळ. पडद्यांचा रकाना खोडला.

१० मे, शनिवार

उपांत्यपूर्व सामना. अंतिम सामन्याआधी जागेची परीक्षा म्हणून आजच जायचं ठरलं. पडदा हा निकष रद्द केल्यावर मी विचार केला की त्याला समालोचन नीट ऐकू यायला हवं, म्हणजे शांत जागा हवी. म्हणून बागेशेजारचा पब निवडला. गालिचा, मऊ खुर्च्या, हलक्या आवाजात बोलणारी माणसं. दादा माझा दंड धरून आला. सात महिन्यांत पहिल्यांदा बूट घातले. डावा बूट त्याने दोनदा काढून पुन्हा घातला.

अर्धा तास झाला. आपल्या संघाने गोल केला. चार जणांनी टाळ्या वाजवल्या, एक बाई "छान, छान" म्हणाल्या.

दादा माझ्याकडे झुकून कुजबुजला, "बारके, इथे कुणी वारलंय का?"

"नाही. का?"

"नाही, सांत्वनाला आल्यासारखं वाटतंय. निघताना कुणाला नमस्कार करायचा असेल तर आधी सांग."

मला हसू आलं, पण तो हसत नव्हता. मी त्याला खेळ सांगायचा प्रयत्न करत होते. "आता त्या लांब केसांच्या मुलाने... नाही, दुसऱ्याने... आता बाहेर गेला." माझं वाक्य संपायच्या आत खेळ तीन माणसं पुढे गेलेला असे. शेवटी तो म्हणाला, "राहू दे. दमशील."

आपण जिंकलो. घरी येताना तो म्हणाला की ही खेप धरायची नाही, यात चूक तुझी झाली, फजिती माझी नाही. म्हणजे अजून एक संधी आहे.

१७ मे, शनिवार

ती संधीही घालवली.

शांत जागा नको, तर गोंगाटाची. उपांत्य फेरी दोन सामन्यांची असते असं मला नव्याने कळलं. आज पहिला होता. बारा पडद्यांच्या काचेच्या पबमध्ये गेलो. तीनशे माणसं असतील. आत शिरताच दादाचा चेहरा उजळला. त्याने नाकाने दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाला, "हां. इथे माणसं आहेत."

मग सामना सुरू झाला आणि त्याचा हात माझ्या मनगटावर घट्ट होत गेला. मला काही कळेना. आवाज तर भरपूर होता.

"किती सामने चालू आहेत इथे?" त्याने विचारलं.

"एकच."

"नाही. तीन आहेत. डावीकडे चेंडू बाहेर गेलाय, समोर अजून आत आहे, मागे तर फेकलासुद्धा नाही."

मी पाहिलं. खरंच. बारा पडद्यांवर चित्र एकाच वेळी येत नव्हतं. दोन भिंतींमध्ये दोन-तीन सेकंदांचा फरक होता. डोळे असणारा माणूस एक पडदा धरून बसतो, त्याला जाणवतही नाही. दादाला मात्र प्रत्येक शिट्टी तीनदा ऐकू येत होती. समोरच्या संघाने गोल केला तेव्हा लोकांचा तो मोठा निःश्वास तीन बाजूंनी, पाठोपाठ तीनदा आला. दादाने दोन्ही कानांवर हात ठेवले. शेजारच्या टेबलावरच्या एकाने ते पाहिलं आणि दुसऱ्याला कोपराने ढोसलं.

"घरी ने," दादा म्हणाला.

मध्यंतरही झालं नव्हतं.  घरी येऊन खुर्चीत बसला, बूट काढले, एकात एक मोजे कोंबले, आणि म्हणाला, "झालं. कबूल केलं होतंस."

त्यावर मी जे बोलायला नको होतं ते बोलले. म्हणजे, सात महिन्यांपूर्वी बोलायला हवं होतं ते. "दादा, त्या गुरुवारीसुद्धा मीच म्हणाले होते, दोन दिवस थांब. माझं ऐकलंस म्हणून..." 

 तो उठून, भिंतीला हात लावत, त्याच्या खोलीत गेला.

१९ मे, सोमवार

दाढी करताना (आरशासमोरच उभा राहून करतो, सवयीने) दादाने हाक मारली. मी दारात उभी राहिले. गालावर साबण तसाच ठेवून बोलला.

"मला मंगळवारपासून दिसत होतं ते."

"काय?"

"तो काळा पडदा. गुरुवारी तुला सांगितलं, पण मंगळवारपासून होता. बुधवारी सामना होता माझा. तुला सांगितलं असतं तर तू मला ओढत डॉक्टरकडे नेलं असतंस. मग गुरुवारी सांगितलं, आणि तू थांब म्हणालीस तेव्हा, खरं सांगू, मला बरंच वाटलं. रविवारी अजून एक सामना होता."

 तो पुढे म्हणाला, "आमच्यात एक नियम आहे. निर्णय चुकला असं कळलं तर रेफरी तो बदलू शकतो. पण कधीपर्यंत? खेळ पुन्हा सुरू होईपर्यंत. एकदा चेंडूला पाय लागला की तो निर्णय कायम. मग त्याच्याबद्दल मैदानात बोलायचं नाही. पुढचं बघायचं. आता टॉवेल दे, साबण डोळ्यात जातोय."

दिवसभर कामात लक्ष नव्हतं. एका कागदावर "जेवणानंतर" हा शब्द चारदा वाचला. मंगळवारपासून दिसत होतं हे खरं, की मला हलकं वाटावं म्हणून रचलेलं? त्याच्या टेबलाच्या खणात प्रत्येक सामन्याची नोंद आहे. त्या बुधवारी सामना होता की नव्हता ते एका मिनिटात कळेल. संध्याकाळी खणाच्या मुठीला हात लावून उभी राहिले होते.

उघडला नाही.

२१ मे, बुधवार

आज मी जे पाहिलं ते नीट लिहायचं आहे. 

उपांत्य फेरीचा दुसरा सामना संध्याकाळी पाचला. दादा घरी रेडिओपाशी बसला. मी बाजारात जाते म्हणाले, ते खोटं होतं. माझा छोटा रेडिओ कानात घातला, दादाचं स्टॉपवॉच उसनं घेतलं (न विचारता) आणि चढाच्या रस्त्यावर गेले. शनिवारपासून एकच गोष्ट डोक्यात होती. पडद्यापडद्यात फरक असेल, तर पबापबातही असणार. दादाला अशी जागा हवी की जिथे एकच आवाज असेल, आणि तो सगळ्यांच्या आधी येत असेल. नाहीतर त्याला शेजारच्या पबचा गोल आधी ऐकू येईल आणि आपला नंतर. आणि ज्याला पडदा दिसत नाही, त्याच्यासाठी आधी आलेला आवाज हाच खरा सामना.

रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. ऊन होतं. रस्त्यावर चिटपाखरू नाही, सगळे आत. सहाही दारांतून मिळून एक गुणगुण येत होती, दूरच्या कारखान्यासारखी.

पासष्टाव्या मिनिटाला कानातल्या रेडिओत समालोचकाचा आवाज चढला. गोल. मी स्टॉपवॉच दाबलं.

रस्ता शांत होता. माझ्याशिवाय त्या रस्त्यावर कुणालाच काही माहीत नव्हतं.

मग अगदी खालच्या टोकाला, लाल दाराच्या छोट्या पबमधून पहिला आवाज फुटला. तीन सेकंद. तो आवाज मी पायांतून ऐकला असं म्हणायला हवं, कारण पायाखालचा रस्ता हलला. मग त्याच्या शेजारचा. मग समोरचा. पाच, सहा, आठ. आनंद एकेका दारातून बाहेर पडत चढ चढत वर येऊ लागला. माझ्या डाव्या हाताला फुटला, उजव्या हाताला फुटला, माझ्या अंगावरून पुढे गेला. मी वळून पाहिलं. चढाच्या टोकाला काचेचा मोठा पब होता. जाड काचेआड तीनशे माणसं अजून नखं खात बसलेली. एकाने हात जोडून कपाळाला लावले होते. एक बाई खुर्चीच्या काठावर पुढे सरकली होती. त्यांच्यासाठी अजून गोल झालेला नव्हता. बाकी सगळा रस्ता नाचत होता आणि त्या खोलीत अजून काळजी होती. मी बाहेरून त्यांच्याकडे बघत होते. सुख त्यांच्या दिशेने निघालेलं होतं, वाटेत होतं, आणि त्यांना कल्पनाही नव्हती.

मग काचेआड एकेका भिंतीसमोरचे करत सगळे उठले. दहा सेकंद. लाल दारानंतर तब्बल सात.

मला का कुणास ठाऊक, रडू आलं. तो गुरुवार आठवला. आम्ही दोघं स्वयंपाकघरात बसून त्या गोळीच्या कागदावर बोलत होतो, तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलेलं होतं, फक्त आमच्यापर्यंत पोचलेलं नव्हतं. आम्ही त्या काचेआड होतो. पण आज पहिल्यांदा मला वाटलं की काचेआड बसलेल्या माणसांवर रागावता येत नाही. त्यांच्याकडे बघून जीव हळहळतो फक्त.

दोन्ही सामन्यांचे गोल मिळून आपण अंतिम सामन्यात पोचलो.

लाल दाराच्या पबमध्ये जाऊन विचारलं की तुमच्याकडे सगळ्यांच्या आधी कसं दिसतं. मालकीणबाई पन्नाशीच्या, घसा बसलेला, दंड मजबूत. छताकडे बोट करून म्हणाल्या, "वर जुना अँटेना आहे. सरळ मनोऱ्यावरून घेतो. बाकीच्यांचं आधी आभाळात जातं, मग खाली येतं. नवरा म्हणायचा, बदल हे डबडं. शेवटी नवरा बदलला, अँटेना ठेवला."

"दुसरा नवरा काय म्हणतो?"

"दुसरा केलाच नाही. बदलला म्हणजे काढला."

पडदा एकच, भिंतीत उंचावर. साठेक माणसं. वहीत लिहिलं: "मालकीण फार मोठ्याने बोलतात. (दोष?)"

२२ मे, गुरुवार

दादाला सगळं सांगितलं. बाजाराचं खोटं, स्टॉपवॉच, सेकंद. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "रस्त्याच्या मधोमध उभी होतीस?"

"हो."

"आवाज खालून वर गेला?"

"हो. तुला आवडला असता."

"परत सांग," तो म्हणाला. मी परत सांगितलं. तिसऱ्यांदाही सांगायला लावलं. मग म्हणाला, "सामना नसताना एकदा नेऊन दाखव. माझी बसायची जागा मी ठरवणार."

२५ मे, रविवार

सकाळी पब रिकामा असताना गेलो. दोन पायऱ्या, मग डावीकडे काउंटर, त्याची कड पितळेची. दादाने ती कड हाताने शेवटपर्यंत पाहिली. टेबलं मोजली. मग खोलीच्या मध्यभागी उभा राहून एक टाळी वाजवली आणि कान दिला.

मालकीणबाई ग्लास पुसत होत्या. थांबल्या. "तुम्ही ते रेफरी ना? बंदरावरच्या संघाच्या सामन्यात माझ्या धाकट्या भावाला लाल कार्ड दिलंत. अकरा वर्षं झाली."

मी दादाचा दंड धरला.

"कोपर मारलं होतं त्याने," दादा म्हणाला.

"नव्हतं मारलं."

"मारलं होतं. मी पंधरा पावलांवर होतो."

"मी दहा पावलांवर होते, कुंपणाला लागून!"

"मग तुम्ही शिव्या देण्यात गुंतला असाल. मला ऐकू येत होत्या. आवाज ओळखला मी."

"ओळखला? अकरा वर्षांनी?"

"विसरण्यासारखा नाही तो."

असं पाऊण तास चाललं. मी दोनदा म्हणाले की निघूया, दोघांनीही ऐकलं नाही. जागेचा हा मोठाच धोका म्हणायचा. बाईंच्या मनात जुना राग आहे आणि सामन्याच्या दिवशी त्या सगळ्यांसमोर काही बोलल्या तर? परतीच्या वाटेवर मी हे दादाला बोलून दाखवलं. तो शीळ घालत होता.

"दिसायला कशी आहे गं?" त्याने विचारलं.

"लहानच, पण नीटनेटकी. उजेड कमी आहे."

यावर तो रस्त्यातच थांबून इतका हसला की त्याला भिंतीला टेकावं लागलं. मी जागेबद्दल खरं तेच सांगितलं होतं.

२९ मे, गुरुवार

दादाने निळा सदरा इस्त्री करून ठेवायला सांगितला. आपल्या संघाचा रंग हिरवा आहे याची मी आठवण करून दिली. म्हणाला, माहीत आहे. मग विचारलं, "माझे केस कितपत पांढरे झालेत?"

"अर्ध्याहून जास्त. कानाजवळ पूर्ण."

"तुला कुणी अंदाजे विचारलं तर अंदाजे सांगत जा की."

लोकांत जायचं म्हणून त्याला धास्ती वाटत असणार. मलाही वाटते आहे. शनिवारी बिनसलं तर तो परत त्या खुर्चीतून उठणार नाही, आणि ती जागा मी निवडलेली असेल.

३१ मे, शनिवार

सामना दुपारी तीनचा. अडीचला पोचलो. मालकीणबाईंनी खोलीच्या मध्यावर, खांबाला पाठ लावून, दोन खुर्च्या राखून ठेवल्या होत्या. दादाने खुर्ची फिरवून पडद्याकडे पाठ केली, लोकांकडे तोंड. मला ओशाळल्यासारखं झालं. माणसं बघू लागली.

सुरुवातीलाच मी बोलायला लागले, "आता उजवीकडून तो उंच..." दादाने माझ्या हातावर हात ठेवला.

"बारके, तू थांब. डोळे मिट. ऐक."

मी मिटले. आधी नुसता कालवा. मग हळूहळू तो सुटा होत गेला, गुंता सुटावा तसा. "ग्लास ऐक," तो म्हणाला. चेंडू मधल्या भागात असताना ग्लास हातात असतात, गप्पा चालू. आपला हल्ला चढू लागला की एकेक ग्लास टेबलावर टेकतो. टक, टक, टक. मग खुर्च्या करकरतात, सगळे एका बाजूला झुकतात. मग साठ माणसं श्वास आत घेतात, आणि तो घेतलेला श्वास ऐकू येतो. मी शेहेचाळीस वर्षांत कधी ऐकला नव्हता. चेंडू आपल्या गोलकडे आला की ग्लास टेकत नाहीत, उलट घट्ट धरले जातात आणि बोलणं एकाएकी पातळ होतं. डोळे मिटलेले असताना मला ते मैदान दिसलं. खरंच दिसलं. त्याचे कोपरे, त्याची लांबी. ते त्या खोलीभर पसरलेलं होतं आणि दादा त्याच्या मध्यावर उभा होता, जिथे तो एकवीस वर्षं उभा राहिला.

मग एक वाईट क्षण आला. पडद्यावरच्या रेफरीने काहीतरी दिलं नाही आणि मागचे टोपीवाले आजोबा जीव तोडून ओरडले, "अरे, आंधळा आहे काय तू?"

कुणीतरी त्यांना गप्प केलं. दादाची पांढरी काठी खांबाला टेकलेली होती. सगळी खोली ती बघत होती.  मला वाटलं, संपलं.

दादा म्हणाला, "आजोबा, मला एकवीस वर्षं हेच म्हणत होता तुम्ही लोक. शेवटी मला पटलं."

 मग मालकीणबाईंचं ते बसलेल्या घशाचं हसणं फुटलं, आणि मग सगळ्यांचं. आजोबा उठून आले, दादाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "साहेब, माफ करा."

"माफी नको. ती फेक कुणाची होती ते सांगा."

मध्यंतरानंतर समोरच्या संघाने गोल केला. ऐंशीव्या मिनिटाला आपला गोल झाला. खोली उसळली. टेबलं सरकली, कुणीतरी माझ्या गळ्यात पडलं, मीही ओरडत होते, मी! फक्त दादा बसलेला. तोंड किंचित वर, कान दिलेला.

"ऑफसाइड," तो म्हणाला.

"अहो, गप बसा!" शेजारचा ओरडला. "जाळ्यात गेलाय!"

"गेला असेल. ऑफसाइड आहे."

आणि पडद्यावर कडेच्या पंचाचा झेंडा वर दिसला. गोल रद्द. साठ माणसं पडद्याकडे बघायचं सोडून दादाकडे वळली.  आजोबांनी विचारलं, "तुम्हाला कळलं कसं?"

"त्यांचे लोक," दादा म्हणाला. "मैदानावर त्यांचे हजारो लोक बसलेत. गोल खाल्ला की माणसं गप्प होतात. ते गप्प झालेच नाहीत. त्यांना आधीच झेंडा दिसला होता. आपण आपल्याच आवाजात बुडालो होतो."

आपण तो आवाज करत होतो आणि त्या आवाजाच्या खालून, शेकडो मैलांवरच्या माणसांचं गप्प न होणं त्याने ऐकलं होतं. मी त्याच्याकडे बघत राहिले. या माणसाला मी सात महिने खुर्चीतून मोरीपर्यंत हात धरून नेत होते.

त्यानंतर प्रत्येक शिट्टीला लोक विचारू लागले, "साहेब, काय?" आणि तो निकाल देत होता. मालकीणबाई काउंटर सोडून आमच्या खांबापाशीच उभ्या राहिल्या आणि प्रत्येक निकालावर वाद घालत होत्या.

आपण एका गोलने हरलो. शेवटच्या शिट्टीनंतर खोली इतकी गप्प झाली की छतावरचा अँटेना वाऱ्याने किरकिरलेला ऐकू आला. मी भीत भीत दादाकडे पाहिलं. गाल ओले होते आणि तो हसत होता.

"हरलो गं," तो म्हणाला. "सगळ्यांबरोबर हरलो."

मी काठी त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, चल. तो म्हणाला, "तू हो पुढे. मी बसतो थोडा."

"एकटा?"

"एकटा कुठे?" मालकीणबाई म्हणाल्या. "आमचा पहिल्या अर्ध्याचा हिशेब व्हायचाय अजून. जा तुम्ही, ताई."

दारापर्यंत गेले, परत आले, पायऱ्या दोन आहेत याची त्याला आठवण करून दिली. तो म्हणाला, "माहीत आहे."

चढाच्या रस्त्याने एकटीच आले. हिरवे सदरे घातलेली माणसं मुकाट्याने घरी चालली होती. संध्याकाळचं ऊन अजून भिंतींवर होतं. सात महिन्यांत पहिल्यांदा माझा दंड मोकळा होता आणि हात कुठे ठेवायचा ते मला कळत नव्हतं.

साडेसातला फोन आला. मागे बरीच माणसं बोलत होती. दादा म्हणाला, "बारके, जेवून घे. माझी वाट बघू नकोस."

"काय करतो आहेस?"

"वाद. बुधवारचा लीगचा सामना इथेच ठरलाय. तुला यायचं तर ये, पण तुझी खुर्ची तू धर." कुणीतरी हसलं, फोन बंद झाला.

मी वाढून घेतलं. अर्धं जेवण झाल्यावर लक्षात आलं की त्याला घरी कोण आणून सोडणार, हे मी विचारलंच नाही. फोन हाताशी होता. नंबर लावायचा, एक प्रश्न विचारायचा, एवढंच काम होतं.

जेवून घेतलं. खिडकी उघडी ठेवून हे लिहायला बसले आहे.